वावरातली लॉरी

सरांसमोर 'इथंच' म्हणायची सोय नव्हती. चहाची टपरी कुठे आहे असं त्यांनी विचारलं आणि कुणी हात हलवून 'हे काय, इथंच' म्हणालं, की ते जागच्या जागी उभे राहायचे. इथंच म्हणजे कुठं? पिंपळाच्या अलीकडे की पलीकडे? रस्त्याच्या कोणत्या अंगाला? सांगणारा बिचारा आपल्या पैशानं चहा पाजायला निघालेला, आणि त्याची ही उलटतपासणी. शेवटी तो वैतागून म्हणे, "साहेब, चला ना, दाखवतो." त्यावर सर म्हणत, "दाखवू नका. सांगा."

अशा माणसाच्या हाताखाली मी उमेदीची वर्षं काढली. उमेद तिथेच कुठेतरी संपली असावी, कारण नंतर ती मला कधी दिसली नाही. पण त्यांच्या खोडी मात्र अंगाला चिकटल्या. आजही कुणी फोनवर 'जवळच आलोय' म्हणालं की माझं डोकं उठतं.

हैदराबादच्या आमच्या प्रयोगशाळेत आम्ही विमानातल्या रडारवर काम करायचो. सर त्या छोट्याशा गटाचे प्रमुख होते. ते नार्नूरकडच्या एका खेड्यातले. घरी ज्वारी, कापूस, चार बैल. मी आदिलाबादची, स्टेशनच्या रस्त्याला माझ्या बाबांचं भाजीचं दुकान होतं. एवढ्या मोठ्या इमारतीत आमची मराठी बोलणारे आम्ही दोघंच. मीटिंगमध्ये सर सुरेख इंग्रजी बोलत. चिडले की मात्र थेट नार्नूरला पोचत. "काऊन बे, डोक्शात बोंडं भरली का?" हे वाक्य त्यांनी एकदा दिल्लीहून आलेल्या एका मोठ्या अधिकाऱ्याला ऐकवलं होतं. त्याला ते स्वागताचं वाटलं आणि त्यानं हात जोडले.

माणसांना ते नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. मी 'आदिलाबाद'. प्रशासनाचे अधिकारी 'गुंटूर'. विमानाचा पायलट 'जालंधर'. गाव कळलं की माणूस निम्मा सापडला, असं त्यांचं म्हणणं. याला अपवाद एकच होता, आमच्या लॉरीचा ड्रायव्हर मारोती. तो गुडीहत्नूरजवळचा. पण तो सदा फिरतीवर, म्हणून त्याला नावानं हाक मारायची, असा सरांचा न्याय.

सरांना डाव्या कानानं ऐकू येत नसे. लहानपणी तापात तो कान गेला. त्याची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, आणि त्यांचं सगळं काम त्या गोष्टीत होतं. शाळेत जायच्या आधी ते गुरं राखायचे. रानात बैल चुकला की बाकीची पोरं त्याच्या गळ्यातल्या घंटीच्या आवाजानं सरळ त्याच्यापर्यंत जायची. यांनाही घंटी ऐकू यायची, पण ती कुठून वाजते आहे ते कळायचं नाही. "आवाज येऊन राह्यला, पन बैल कुठं हाय? मी आपला गोल गोल फिरून राह्यलो. एका कानानं नुस्तं समजते की बैल हाय. कुठं हाय हे समजाले दोन कान लागतात." हे सांगताना ते हसले नाहीत. बापाचा मार आठवत असावा.

आता हे रडार काय करतं ते सांगायला हवं. रडार कॅमेऱ्यासारखं खटकन चित्र टिपत नाही. विमान उडत जातं, रडार बाजूच्या जमिनीवर रेडिओच्या लहरी फेकत जातं, परत येणारे पडसाद गोळा करत जातं, आणि लांबलचक पल्ल्यावरचे पडसाद जुळवून मग खालच्या मुलखाचं चित्र तयार होतं. ढग असोत, अंधार असो, चित्र स्वच्छ येतं. फक्त एक खोट असते. खालचं सगळं स्थिर उभं आहे, असं ते गृहीत धरतं. डोंगर, झाडं, घरं यांचं ठीक आहे. पण एखादी गाडी रडारकडे येत असेल किंवा लांब जात असेल, तर तिच्या पडसादात फरक पडतो आणि चित्रात ती भलत्याच जागी उमटते. विमानाच्या वाटेच्या रेषेत ती पुढं किंवा मागं सरकून बसते. गाडी जितकी जोरात, तितकी लांब.

असं एक चित्र सर माझ्या बाबांना दाखवायला घेऊन आले होते. आदिलाबादची पॅसेंजर रूळ सोडून शेजारच्या कापसात उभी दिसत होती. बाबांनी चष्मा लावला, चित्र उलटंसुलटं केलं आणि काळजीनं विचारलं, "रेल्वे वावरात काऊन गेली, साहेब? लोकं मेले का?"

"कोनी नाही मेलं. रेल्वे रुळावरच हाय. मशीनला वावरात दिसते."

"मंग मशीन दुरुस्तीले टाका ना."

सरांना हे इतकं आवडलं की त्यांनी बाबांची पाठ थोपटली. पुढं कितीतरी दिवस ते लोकांना सांगत होते, की आमच्या क्षेत्रातली सर्वांत नेमकी सूचना आदिलाबादच्या एका भाजीवाल्यानं केली आहे.

दुरुस्तीवरूनच प्रयोगशाळेत भांडण होतं. बऱ्याच जणांचं म्हणणं असं, की दुरुस्ती सोपी आहे. गाडी रस्त्यावरच असणार. नकाशा घ्या, चित्रातला ठिपका सरकवत सरकवत जवळच्या रस्त्यावर आणून ठेवा, काम झालं. या लोकांना सर 'रस्तेवाले' म्हणत, तेही मटणात खडा लागल्यासारखं तोंड करून. "गाड्या रस्त्यावरच असतात म्हनं! कोनत्या देशात राह्यतात हे?" सरांचा मार्ग वेगळा होता. विमानाला एकाच्या जागी दोन अँटेना लावायच्या, एक पुढं एक मागं. दोघींनी ऐकलेल्यातला फरक मोजायचा, आणि त्यावरून गाडी खरोखर कुठं आहे हे नकाशाला न विचारता सांगायचं. दुसऱ्या अँटेनासाठी त्यांनी ऐंशीच्या दशकातली सगळी वर्षं अर्ज केले. अर्ज परत यायचे, सर पुन्हा करायचे. नव्वदीच्या सुरुवातीला ती एकदाची मिळाली तेव्हा त्यांचे केस गेले होते आणि निवृत्ती दिसायला लागली होती. अट अशी, की एकच चाचणी मिळेल. समिती बघेल. जमलं तर सरांची पद्धत, नाही तर रस्तेवाल्यांची.

चाचणीसाठी सरांनी आपलाच जिल्हा निवडला. गुडीहत्नूरच्या बाजूला हमरस्त्याचा सरळ तुकडा होता आणि दोन्हीकडे काळी सपाट जमीन. चित्रात खुणेला सापडावेत म्हणून आम्ही वावरांमधून पत्रे काटकोनात जोडून केलेले मोठे कोपरे उभे करायचो. गावात बोलवा उठली, की हे पत्रे पाऊस अडवतात. एका सकाळी बघावं तर एका कोपऱ्यात लुगडं वाळत घातलेलं, दुसऱ्याला म्हैस अंग घासते आहे. विमान आज येणार, उद्या येणार, असं चाललेलं. कधी धुकं, कधी परवानगी नाही, कधी जालंधरचं पोट बिघडलेलं. उन्हात बसून बसून माझं कातडं भाजून निघालं. सर मात्र टोपी न घालता हिंडत. कंटाळा हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता, आणि आम्हाला दुसरा शब्द आठवत नव्हता.

मारोती काही वर्षांपूर्वी याच भागातल्या एका कॅम्पवर आमच्याकडे लागला होता. काळासावळा, अबोल, जाड मिशांचा. त्याची कला एकच, लॉरी एका वेगात चालवायची. चढ असो, उतार असो, काट्याला हलायची परवानगी नव्हती. चालणारी गाडी शोधायची तर तिचा वेग आम्हाला पक्का माहीत हवा, म्हणून सरांना तो सोन्यासारखा वाटे. त्यांनी त्याला हैदराबादला आणून तात्पुरत्या नोकरीत ठेवून घेतलं. बायको गावीच राहिली. चाचणीच्या वर्षी त्याची पर्मनंट व्हायची फाइल वर गेली होती. कधी नव्हे तो बोलता झाला की त्याच्या तोंडी तेवढंच असायचं. पर्मनंट झालो की बायकोले घेऊन येतो, क्वार्टर भेटते म्हनं.

रोज सकाळी लॉरीच्या पायरीवर एक पाय ठेवून सर त्याची शिकवणी घेत. "थांबू नोको. काई बी झालं तरी थांबू नोको. तू थांबला की तू झाड झाला, धोंडा झाला. मंग मी तुले शोधू काऊन?" मारोती मान डोलवी. कागदावरच्या सूचनेत मात्र वेगळंच ठळक लिहिलेलं होतं: लॉरीनं ठरलेला रस्ता सोडायचा नाही. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येतील असं तेव्हा कुणाच्याच मनात आलं नाही.

चाचणी झाली. विमान पूर्वेकडून पश्चिमेकडे गेलं, लॉरी उत्तरेकडून दक्षिणेकडे. सगळं सुरळीत झालं असं वाटून आम्ही तंबू गुंडाळले. त्या काळी चित्र तयार व्हायला काही आठवडे लागत.

चित्र आलं. कच्च्या चित्रात लॉरीचा ठिपका अपेक्षेप्रमाणे रस्त्यापासून लांब, पूर्वेला एका तळ्याच्या काठाशी होता. रस्तेवाल्यांनी तो पश्चिमेला सरकवला आणि रस्त्यावर नेऊन ठेवला. झकास. सरांच्या दोन अँटेनांनीही तो पश्चिमेलाच सरकवला, पण रस्ता यायच्या बराच आधी, भर वावरात थांबवला. लॉरी रस्त्यावर होती हे तर लेखी ठरलेलं. म्हणजे सरांची पद्धत चुकली. एकानं सांत्वन म्हणून सांगितलं, की तरी फार चुकली नाही.

सर दोन दिवस ते चित्र समोर घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी आले. "आदिलाबाद, लॉरी रस्त्यावर होती असं धरलं, तर ती इतकी सरकायला केवढ्या वेगात पाहिजे? काढ." मी काढलं. ठरलेल्या वेगाच्या दीडपट तरी निघत होता. "मारोती असा पळवेल का?" मी नाही म्हटलं. मारोतीचा काटा हलणं शक्यच नव्हतं. "मंग लॉरी रस्त्यावर नव्हती," सर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम लहान पोरासारखा झाला.

मी म्हटलं, "सर, मारोतीलाच विचारू या ना. खाली गॅरेजमध्येच आहे."

"विचारायचं नाही. विचारलं की माणूस आपल्याला आवडेल ते सांगतो. मोजायचं."

हा त्यांचा बाणा. माणसाला विचारायचं नाही, मोजायचं. त्या दिवशी ते दोन जिने उतरून खाली गेले असते आणि मारोतीशी दोन शब्द बोलले असते, तर पुढचं सगळं टळलं असतं असं मला वाटतं. त्याऐवजी आम्ही बस धरून गुडीहत्नूरला गेलो.

वावरात चाकोऱ्या होत्या. काळी माती वाळून कडक झालेली, त्यात लॉरीच्या जोड चाकांच्या खुणा अगदी सरांनी दाखवलेल्या जागेवर. रस्त्यावरून उतरून, गाडवाटेनं काही अंतर जाऊन, पुढं परत रस्त्याला लागलेल्या. वाटेत तुरीचा एक कोपरा आडवा झाला होता. वावराचा मालक, एक म्हातारा, काठी घेऊनच आला.

"तुमचीच का ते लारी?"

"आमचीच! आमचीच!" सरांनी त्याचे दोन्ही हात धरले.

"जिनिंगच्या गाड्यांनी सडक भरली होती. कापसाच्या गाड्या, एकीमागं एक, बैलं सोडून बसले होते लोकं. तुमचा मानूस थांबतच नव्हता. सरळ वावरात घातली. माही तूर मोडली त्याचं काय?"

"लई चांगलं झालं, बुवा!" सर म्हणाले.

म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, "यायले बरं नाही का?" मी त्याची समजूत काढत बसले आणि सर चाकोऱ्यांच्या कडेनं वर-खाली चालत राहिले, काहीतरी पुटपुटत, मधेच टाळी वाजवत.

म्हणजे झालं होतं ते असं: रस्ता भरलेला, विमान डोक्यावर आलेलं, कळवायला काही साधन नाही. कागद म्हणत होता रस्ता सोडू नको, सर म्हणत होते थांबू नको. मारोतीनं सरांचं ऐकलं. कुठं बोलला नाही, कारण त्याच्या मते त्यात बोलण्यासारखं काही घडलंच नव्हतं. वेग तर राखला होता.

समितीची बैठक हैदराबादला झाली. मी चित्रं लावायला आत होते. दिल्लीचे साहेब मधोमध, गुंटूर एका बाजूला लिहीत बसलेले. रस्तेवाल्यांचं कौतुक होऊन गेलं. मग सर उठले आणि म्हणाले, की लॉरी रस्त्यावर नव्हतीच, वावरात होती, आणि माझ्या पद्धतीनं ती वावरातच दाखवली आहे. चाकोऱ्यांचे फोटो दाखवले. दिल्ली म्हणाली, चाकोऱ्या कुणाच्याही असतील. सर म्हणाले, ड्रायव्हरला बोलवा.

मारोती ग्रीस लागलेले हात पुसत आला. इतकी खुर्च्यांवरची माणसं बघून दाराशीच थांबला.

सरांनी मराठीत विचारलं, "मारोती, त्या दिवशी विमान डोक्यावर होतं तवा लॉरी कुठं होती? रस्त्यावर का वावरात? खरं सांग."

मारोतीनं एकदा सरांकडे पाहिलं. मला वाटतं, त्याला कळलं होतं की हा प्रश्न साधा नाही. पण साहेबांनी खरं सांग म्हटलं होतं.

"वावरात होतो, साहेब. सडकीवर कापसाच्या गाड्या होत्या."

सरांनी टेबलावर हात आपटला आणि मोठ्यानं हसले. त्यांना असं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. दिल्ली उठून चित्राजवळ आली, सर चित्रावर वाकले, पट्टी घेऊन दाखवायला लागले, रस्तेवालेही माना लांब करून बघायला लागले. त्या गर्दीत गुंटूरनी मान वर न करता मारोतीला हिंदीत विचारलं, "रोड पर गाड़ियाँ थीं तो रुक क्यों नहीं गए? खेत में किसने बोला जाने को?"

मारोती सरांच्या पाठीकडे बघत राहिला. सरांच्या चांगल्या कानावर प्रश्न गेला असणारच. गुंटूर उजवीकडेच बसले होते. पण सर चित्रावरून हलले नाहीत. गुंटूरनी काहीतरी लिहिलं आणि त्याला जायला सांगितलं.

सरांची पद्धत मंजूर झाली. पुढच्या आठवड्यात मारोतीला कमी केलं. कारण दिलं होतं, सरकारी वाहन विनाकारण ठरलेल्या मार्गावरून शेतात नेलं.

मी गुंटूरना जाऊन सांगितलं, की न थांबण्याचा हुकूम सरांचा होता, मी रोज ऐकत होते. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही स्वतःच तात्पुरत्या. साहेबांनी लिहून दिलं तर बघू." मी सरांना सांगितलं. ते ताबडतोब गुंटूरकडे गेले, मला घेऊन. गुंटूर वाईट माणूस नव्हते, थकलेले होते. त्यांनी चहा मागवला आणि शांतपणे दोन वाटा सांगितल्या. सरांनी लिहून द्यावं की लॉरी रस्त्यावरच होती. मग मारोतीची काहीच चूक नाही, पण सरांची पद्धत खोटी. किंवा लिहून द्यावं की सरांनीच तोंडी हुकूम देऊन ठरलेली सूचना मोडायला लावली. मग मारोती सुटेल, पण चाचणी नियमानुसार झाली नाही असं होईल, ती रद्द होईल, आणि पुन्हा विमान, पुन्हा समिती कधी मिळेल ते देवाला ठाऊक.

सर चहाचा कप तसाच ठेवून उठले. मग त्यांनी एक लांबलचक अर्ज लिहिला. मारोती किती प्रामाणिक आहे, त्याचा काटा कसा हलत नाही, देशाला अशा ड्रायव्हरांची किती गरज आहे. पानं भरून लिहिलं. लॉरी वावरात का गेली याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. मी वाचलं आणि त्यांच्या टेबलावर परत ठेवलं. मला त्यांचा राग आला होता, आणि आयुष्यभर एकाच गोष्टीच्या मागं धावलेल्या माणसाची दयाही येत होती. दोन्ही एकदम आलं की माणूस दमतो. गुंटूरनी तो अर्ज फाइलला लावला आणि विषय संपला.

मारोती गावी निघून गेला. जाताना मला भेटला, सरांना भेटला नाही. सर त्या दिवसानंतर लॅबच्या कुठल्याही गाडीत बसले नाहीत. रिक्षानं यायचे, कधी चालत. कामात पूर्वीसारखेच कडक होते, नव्या पोरांना 'इथंच' म्हणू द्यायचे नाहीत, पण कॅम्पवर जायचं निघालं की त्यांना ताप यायचा. निवृत्तीच्या समारंभात त्यांच्या पद्धतीवर तीन भाषणं झाली. सरांनी आभारसुद्धा नीट मानले नाहीत.

त्यानंतर एका दिवाळीला मी आदिलाबादला निघाले होते. सर स्टँडवर उभे. "घरी चालली का? मी बी येतो." नार्नूरला जात असतील असं मला वाटलं. पण गुडीहत्नूर आलं तसे ते उतरले आणि खिडकीतून मला म्हणाले, "उतर. मला एकट्याला नाही जमणार." मी पिशवी घेऊन उतरले.

मारोतीचं घर विचारत गेलो. तो दाराशी जीप धूत होता. जीप कुणा कापसाच्या दलालाची, हा त्यावर रोजानं. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. "या, साहेब. या, बाई." बाज टाकली. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. पाणी त्यानंच आणून दिलं.

सर बसले आणि सांगू लागले. पद्धत कुठं कुठं वापरतात, विमानं आता कशी नवी आलीत. मारोती ऐकत राहिला. "चांगलं झालं," म्हणाला.

"तुझी नोकरी गेली, मारोती," सर शेवटी म्हणाले.

"नोकरीचं जाऊ द्या, साहेब. पोट भरून राह्यलो. पन गावात म्हनतात, मी पेऊन होतो. पेल्याबिगर कोनी लारी वावरात घालते का म्हनतात."

"कोन म्हनते?"

"सारेच." त्यानं आवाज खाली आणला. "आतली बी म्हनते. मी लाख सांगतलं, साहेबाचा हुकूम होता, थांबू नोको म्हनून. तिले नाही पटत. मी पर्मनंट झाल्यावर ती हैदराबादले येनार होती. भांडन झालं की तेच काढते. तुमी सांगा तिले. मोठ्यानं सांगा, ती चुलीपाशी हाय."

सर उठले. दार ठेंगणं होतं, ते चौकटीला धरून वाकले. आत धूर होता, काही दिसत नव्हतं. भाकरीचा आवाज थांबला.

"बाई," सर म्हणाले, आणि मग त्यांचं सगळं बोलणं नार्नूरचं झालं. "तो पेऊन नव्हता. मीच त्याले सांगतलं होतं, काई बी झालं तरी थांबू नोको. सडक भरली होती म्हनून त्यानं वावरात घातली. त्यानं माहं आयकलं. चूक माही हाय."

आतून तिचा आवाज आला. रागाचा नव्हता, नुसता विचारणारा होता.

"मंग तवाच काऊन नाही सांगतलं, भाऊ?"

सरांनी चौकट सोडली नाही. मी त्यांच्या मागं उभी होते. मला वाटलं ते चाचणीचं सांगतील, समितीचं सांगतील, विमान पुन्हा मिळालं नसतं असं सांगतील. ते सगळं खरंही होतं.

"भेलो होतो, माय," सर म्हणाले.